परदेशातल्या आपल्या माणसाला भेटायला एकट्यानं जाताना

नवरा असो, मुलगी असो, शाळेपासूनचा मित्र असो, की जिच्याशी रोज बोलणं होतं पण अजून समोरासमोर भेट झालेली नाही अशी व्यक्ती. परदेशातल्या आपल्या माणसाला भेटायला पहिल्यांदा एकट्यानं निघताना आखणी शेवटाकडून करावी, असं माझं ठाम मत आहे. बरेच जण आधी स्वस्त तिकीट काढतात आणि बाकी सगळं त्याच्याभोवती बसवतात. मग विमान पहाटे तीनला उतरतं, घ्यायला येणाऱ्याची रात्रभर झोप होत नाही, आणि ज्या भेटीसाठी एवढा खटाटोप केला तिचा पहिला दिवस दोघंही पेंगत काढतात. त्यापेक्षा आधी त्या माणसाला विचारा: सुट्टी कोणत्या वारी असते, विमानतळावर यायला किती वेळ लागतो, कोणती वेळ सोयीची? त्या उत्तरावरून विमान निवडा. दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी उतरणारं विमान मला सगळ्यात बरं वाटतं. मुक्कामी पोहोचून जेवण होईपर्यंत तिथली रात्र होते आणि पहिली झोप तिथल्या वेळेनुसार लागते.

आधी कागदपत्रं

पासपोर्ट उघडा आणि मुदत कधी संपते ते बघा. पुष्कळ देशांना प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने मुदत शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा) नियम वेगळा आहे: तिथून परत निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने मुदत हवी, आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला हवा. कोरी पानं किती उरलीत तेही मोजा. मुदत काठावर असेल तर आधी नवा पासपोर्ट, मग व्हिसाचा अर्ज.

व्हिसाला वेळ लागतो, हे गृहीत धरूनच चाला. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. पण गर्दीच्या हंगामात मुलाखतीची तारीखच लवकर मिळत नाही, म्हणून १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका. तुमच्या पासपोर्टला त्या देशाचा व्हिसा लागत नसेल, तरी आगाऊ ऑनलाइन परवानगी लागू शकते. अमेरिकेचं एस्टा, कॅनडाचं आणि ब्रिटनचं ईटीए ही त्याची उदाहरणं. हे अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा. त्यांच्यासारखी दिसणारी दलालांची संकेतस्थळं त्याच कामाचे कितीतरी जास्त पैसे घेतात.

नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त सुटणारी गोष्ट म्हणजे मधल्या थांब्याचा देश. काही देशांत नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेत तर विमानतळाबाहेर न पडता पुढं जाण्याची सोयच नाही. तिथं थांबा असेल तर इमिग्रेशन ओलांडावंच लागतं, आणि त्यासाठी व्हिसा किंवा एस्टा हवंच. तिकीट काढण्याआधी हे तपासलं नाही, तर पहिल्याच चेक-इन काउंटरवरून परत फिरावं लागतं.

अर्जात भेटीचं कारण खरं लिहा. जोडीदाराला भेटायला जातोय असं लिहिलं तर व्हिसा नाकारतील, या भीतीनं काही जण ‘पर्यटन’ एवढंच लिहून मोकळे होतात. हे अंगाशी येतं. सीमेवरचा अधिकारी दोन प्रश्न जास्त विचारतो, कधी फोनही बघायला मागतो, आणि अर्जातलं उत्तर व तोंडचं उत्तर जुळत नाही. भेटायला जाणं हे पूर्णपणे वैध कारण आहे. अधिकाऱ्याला खात्री हवी असते ती तुम्ही वेळेत परत जाल याची. म्हणून परतीचं तिकीट, नोकरीचं किंवा शिक्षणाचं पत्र, खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा आणि ज्यांच्याकडे उतरणार त्यांचं पत्त्यासह निमंत्रणपत्र, एवढं एका पातळ फाइलमध्ये लावून ठेवा.

प्रवासी विमा जरूर घ्या. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे. इतर ठिकाणी सक्ती नसली तरी परक्या देशातलं रुग्णालयाचं एक बिल वर्षांची शिल्लक संपवू शकतं. जुना आजार असेल तर तो विम्याच्या अर्जात लपवू नका, नाहीतर नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जातो.

तिकीट काढताना

परवडत असेल तर पहिल्या खेपेला थेट विमान घ्या. सिंगापूर ते न्यूयॉर्कसारखी १८ तासांच्या वरची थेट उड्डाणं आज आहेत, पण त्यांतही निदान विमान बदलण्याची धास्ती नसते. थांबा घ्यावाच लागला तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच सहा अक्षरी पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असू द्या. पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात जागा देण्याची जबाबदारी मग विमान कंपनीची राहते. दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडून प्रवास केलात तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही फक्त वेळेवर न आलेला प्रवासी असता. अनेकदा त्या तिकिटावरचा पुढचा प्रवासही रद्द होतो, परतीच्या भागासकट. एकट्या माणसावर असा प्रसंग आला की वाचवलेल्या पैशांची किंमत कळते.

थांबा किती वेळाचा असावा? कंपन्या तास-सव्वा तासाच्या अंतराचंही तिकीट विकतात. तेवढ्या वेळात विमान बदलणं सरावलेल्या माणसाला जमतं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तीन तासांच्या आसपास घ्यावा. उतरण्याचा आणि पुढं चढण्याचा विमानतळ एकच आहे ना, हेही वाचा. लंडनला हीथ्रो आणि गॅटविक, टोकियोला हानेडा आणि नारिता, न्यूयॉर्कला जेएफके आणि नुअर्क हे वेगवेगळे विमानतळ आहेत आणि त्यांच्यामधलं अंतर तासांत मोजावं लागतं.

तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरनअक्षर जुळलं पाहिजे. चूक दिसली तर त्याच दिवशी कंपनीला कळवा. वेळा नेहमी त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, आणि पोहोचण्याच्या वेळेपुढं ‘+१’ असेल तर त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना उलटंही घडतं: टोकियोहून संध्याकाळी निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी उतरतं. मध्यरात्रीनंतरच्या विमानांपासून विशेष सावध राहा. १५ तारखेला ००:३० वाजता विमान असेल तर तुम्ही विमानतळावर १४ तारखेच्या रात्री हवे. घ्यायला येणाऱ्यालाही नुसतं ‘१५ला पोहोचते’ असं सांगू नका. वार, तारीख, तिथली स्थानिक वेळ, विमानाचा क्रमांक आणि टर्मिनल, हे सगळं एका संदेशात लिहून पाठवा.

एकट्यानं जाताना मी कडेची, म्हणजे मधल्या वाटेलगतची जागा सुचवेन. खिडकीतून दिसणारा सूर्योदय सुंदर असतो, पण शेजारी दोन अनोळखी माणसं गाढ झोपलेली असताना त्यांना उठवायचा संकोच होतो. मग माणूस पाणी कमी पितो, उठायचं टाळतो, आणि उतरताना पाय सुजलेले असतात. हादरे बसण्याची भीती वाटत असेल तर पंखांच्या आसपासच्या रांगेत ते कमी जाणवतात.

जास्त चालवत नसेल किंवा मोठ्या विमानतळावर गोंधळायला होत असेल, तर व्हीलचेअरची मदत मागा. ती विनामूल्य असते. निदान ४८ तास आधी कंपनीला कळवलं की काउंटरपासून विमानापर्यंत आणि तिकडं उतरल्यावर बाहेरच्या दारापर्यंत माणूस सोबत मिळतो. वयस्कर आई-वडील एकटे निघणार असतील, तर त्यांना नको वाटलं तरी समजावून ही सोय घ्यायला लावा.

पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटणार असाल तर

ज्यांची ओळख फोनवर किंवा ऑनलाइन झाली आहे आणि भेट पहिलीच आहे, त्यांच्यासाठी हा भाग. प्रेमावर शंका घेण्याचा इथं उद्देश नाही. पण एकट्यानं परदेशी जाताना परतीची वाट आपल्या हातात असली पाहिजे.

निघण्याआधी अनेकदा व्हिडिओवर बोललेला असा. कॅमेरा नेहमीच बिघडलेला असेल, तर तिकीट काढू नका. पहिल्या काही रात्रींसाठी स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पैशानं हॉटेलची खोली घ्या. नंतर सगळं छान जुळलं तर पुढचं ठरवता येतं. परतीचं तिकीट, पासपोर्ट आणि एक कार्ड कायम तुमच्याजवळ राहील. घरातल्या किंवा मैत्रीतल्या एका माणसाला त्या व्यक्तीचं पूर्ण नाव, पत्ता आणि नंबर देऊन ठेवा, आणि रोज कोणत्या वेळी निरोप पाठवणार तेही ठरवून ठेवा. पहिली भेट विमानतळासारख्या वर्दळीच्या जागीच होऊ द्या.

दोन गोष्टींवर मात्र कुठलीही सवलत देऊ नका. व्हिसासाठी, कस्टम्ससाठी, अडकलेल्या पार्सलसाठी म्हणून प्रवासाआधी पैसे मागितले, तर तिथंच थांबा. आणि ‘माझ्या मित्राची एवढी बॅग घेऊन ये’ असं कुणीही सांगितलं तरी घेऊ नका. प्रेमाच्या नावाखाली लोकांकडून अमली पदार्थ वाहून नेण्याचे प्रकार खरोखर घडतात, आणि पकडली जाते ती बॅग हातात असलेली व्यक्ती. तुम्ही जिथं जाताय तिथला आपत्कालीन क्रमांक फोनमध्ये असू द्या: युरोपीय संघात ११२, अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. आपल्या दूतावासाचा नंबर कागदावर लिहून घ्या.

सामान

जी वस्तू हरवली तर प्रवास किंवा भेट अडेल, ती हातातल्या बॅगेत. पासपोर्ट, पैसे, औषधं, चष्मा, चार्जर, एक पूर्ण कपड्यांचा जोड, टूथब्रश आणि पत्ता लिहिलेला कागद. बाकी सगळं मोठ्या बॅगेत गेलं तरी चालेल. आणि हो, त्या माणसासाठी हातानं केलेली किंवा पुन्हा न मिळणारी भेटवस्तू असेल तर तीही हातातल्याच बॅगेत. फक्त ती कागदात गुंडाळून, फीत बांधून नेऊ नका. तपासणीत उघडायला लावतात आणि तुम्हाला तो सुंदर कागद फाडावा लागतो. कागद घडी करून सोबत घ्या, पोहोचल्यावर बांधा.

हातातल्या बॅगेत द्रवपदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्यांत, आणि त्या सगळ्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, हा नियम २००६ पासून जगभर रूढ झाला. काही विमानतळांवर नवी यंत्रं आल्यानं तो सैल झाला आहे, पण तुमच्या थांब्याच्या विमानतळावर जुनाच नियम असू शकतो, तेव्हा १०० मिलिलिटर धरूनच भरा. अर्धी भरलेली २०० मिलिलिटरची बाटलीही चालत नाही. बाटलीचं माप बघतात, आतल्या द्रवाचं नाही.

पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायला सक्त मनाई आहे, ती हातातल्याच बॅगेत. मर्यादा १०० वॅट-तासांची. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची भरते, म्हणजे चालते. मात्र २०२५ पासून अनेक कंपन्यांनी उड्डाणात ती वापरायला किंवा डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली आहे. तुमच्या कंपनीचा नियम निघण्याआधी बघा आणि फोन घरून पूर्ण भरून न्या.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव हवं, कारण कंपनीची नावं देशागणिक बदलतात. आपल्याकडे सहज मिळणारं औषध दुसरीकडे बंदी असलेलं निघू शकतं. जपानमध्ये स्यूडोएफेड्रीन असलेल्या सर्दीच्या काही गोळ्या आणि संयुक्त अरब अमिरातीत कोडीन असलेली औषधं, यांवर कडक नियंत्रण आहे.

खाऊ न्यायचा मोह प्रत्येकाला होतो. न्या, पण उतरताना भरायच्या फॉर्ममध्ये त्याची नोंद करा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार काटेकोर आहेत. विसरलेल्या एका फळासाठीही दंड होतो. नोंद केलेली वस्तू फार तर काढून घेतील, लपवलेल्या वस्तूची शिक्षा होते. मांस, दूध, ताजी फळं, बिया आणि माती लागलेलं काहीही टाळलेलंच बरं.

निघायच्या दिवशी

ऑनलाइन चेक-इन बहुधा २४ ते ४८ तास आधी सुरू होतं. विमानतळावर तीन तास आधी पोहोचा. बॅग घ्यायचे काउंटर बहुतेक ठिकाणी सुटण्याच्या तासभर आधी बंद होतात आणि गेट १५-२० मिनिटं आधी.

काउंटरवर तुमच्या मोठ्या बॅगेला कागदी पट्टी लावतात, तिथं क्षणभर थांबा आणि ती वाचा. ठळक तीन अक्षरं असतात, तो बॅग शेवटी जिथं पोहोचणार त्या विमानतळाचा कोड. थांब्याच्या विमानतळाचा कोड वेगळा छापलेला असतो. ठळक अक्षरं तुमच्या अंतिम ठिकाणाची असतील तर मधे बॅग घ्यायची नाही. थांब्याची असतील तर तिथं उतरवून पुन्हा द्यायची. तरीही काउंटरवर स्पष्ट विचारा, ‘माझी बॅग थेट शेवटपर्यंत जाते का?’ अमेरिकेत जाताना पट्टीवर शेवटचं शहर असलं तरी पहिल्या विमानतळावर सहसा बॅग स्वतः घेऊन कस्टम्समधून न्यावी लागते. पट्टीचा छोटा तुकडा बोर्डिंग पासला किंवा पासपोर्टच्या मागं चिकटवून देतात. त्याचा फोटो काढा आणि बॅगेचाही. बॅग हरवली तर हाच तुकडा तुमचा आधार.

विमान बदलताना

एकट्या नवख्याला खरी धडकी भरते ती इथं, म्हणून जरा सविस्तर सांगते. विमानातून उतरलं की सगळा लोंढा एका दिशेनं जातो. त्यातले बरेच जण त्याच शहरात उतरणारे असतात. त्यांच्यामागं जाऊ नका. वर बघा: ‘ट्रान्सफर’, ‘ट्रान्झिट’ किंवा ‘कनेक्शन्स’ असं लिहिलेला बाण शोधा. ‘अरायव्हल्स’ किंवा ‘बॅगेज क्लेम’चा बाण तुम्हाला बाहेर नेतो.

वाटेत पुन्हा सुरक्षा तपासणी होते. पाण्याची बाटली त्याआधी रिकामी करा. विमानतळावरच्या दुकानातून घेतलेला परफ्यूम किंवा बाटली सीलबंद पिशवीत असते. ती पिशवी प्रवास पूर्ण होईपर्यंत उघडू नका, नाहीतर इथं काढून घेतील. तपासणी झाली की मोठ्या फलकावर आपल्या विमानाचा क्रमांक बघा. गेट बोर्डिंग पासवर छापलेलं असलं तरी फलकावरचंच खरं, कारण गेट बदलतात. आधी थेट गेटपर्यंत चालत जा, ते डोळ्यांनी बघा, किती मिनिटं लागली ते लक्षात ठेवा. मग खाणं, स्वच्छतागृह, फोन. फोनचं घड्याळ स्थानिक वेळेवर आलंय का, हेही तपासा. वायफाय नसेल तर ते जुनीच वेळ दाखवत राहतं आणि माणूस निवांत बसून राहतो.

पहिलंच विमान उशिरा निघालं तर घाबरू नका. विमानातच कर्मचाऱ्यांना पुढच्या विमानाची वेळ सांगा. उतरल्यावर ट्रान्सफर डेस्कवर जा. एकाच तिकिटावर असाल तर पुढची सोय ते करतात, रात्र काढावी लागली तर राहण्याचंही विचारा. आणि वायफाय मिळताच पहिला निरोप घ्यायला येणाऱ्याला.

विमानात

लांब विमानात शरीराला नेमकं काय होतं ते कळलं की निम्मी काळजी जाते. आतला हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो; साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या डोंगराइतका ठेवतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये तो ६,००० फुटांच्या आसपास असतो, म्हणून तिथं थोडं बरं वाटतं. हवेत ओलावा बहुधा २० टक्क्यांपेक्षाही कमी. घसा, नाक, डोळे कोरडे पडतात ते यामुळं. पाणी थोडं थोडं पीत राहा, लेन्स काढून चष्मा लावा, ओठांना मलम लावा. कमी दाबात पोटातला वायू फुगतो, तेव्हा सोडा आणि पचायला जड पदार्थ टाळा. मद्य झोप बिघडवतं.

चार तासांपेक्षा जास्त बसून राहिलं की पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. निरोगी माणसाला तो मुळात फार लहान आहे, पण उपाय इतके सोपे आहेत की टाळायचं कारण नाही. जागेवरच टाचा आणि चवडे आळीपाळीनं उचला, जाग असेल तेव्हा तासा-दीड तासानं उठून मागपर्यंत चालून या, सैल कपडे घाला. गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, आधी कधी गुठळी झालेली असणं, अशा वेळी डॉक्टरांना आधी विचारा. दाबाचे मोजे त्यांच्या सल्ल्यानं घ्या.

विमान हलायला लागलं की एकटेपणा एकदम जाणवतो. पंख खिडकीतून वरखाली होताना दिसतात. ते तसे वाकावेत अशीच त्यांची रचना असते. हादऱ्यांमध्ये इजा होते ती प्रामुख्यानं पट्टा न बांधलेल्यांना. झोपताना पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा, म्हणजे पट्टा तपासायला तुम्हाला उठवणार नाहीत. फार भीती वाटत असेल तर चढतानाच हवाईसुंदरीला सांगा, ‘पहिल्यांदाच एकटी आहे.’ त्या येऊन विचारपूस करतात, हा माझा अनुभव आहे.

विमानात बसल्याबरोबर घड्याळ तिथल्या वेळेवर लावा. तिथं रात्र असेल तेव्हा झोपायचा प्रयत्न, दिवस असेल तेव्हा जागरण. झोप नाही लागली तरी डोळ्यांवर पट्टी लावून पडून राहा. झोपेची गोळी पहिल्यांदा विमानात घेऊन बघू नका. एकट्या माणसानं तर नाहीच.

उतरायच्या साधारण दीड तास आधी उठा. पट्ट्याचा दिवा लागला की जागेवरून हलू देत नाहीत, आणि त्याच्या आधी स्वच्छतागृहासमोर रांग लागते. त्या रांगेच्या आधी तोंड धुवा, दात घासा, केस विंचरा, वरचा कपडा बदला. इतक्या लांबून भेटायला जाताय, समोर जाताना स्वतःला बरं वाटलं पाहिजे. विमान खाली यायला लागलं की जागे राहा आणि आवंढे गिळत राहा. गोळी चघळली तरी कान दुखायचे वाचतात.

उतरल्यावर

काही देशांत आगमनाची नोंद आधीच ऑनलाइन करावी लागते. सिंगापूरची आगमनाआधीच्या तीन दिवसांत होते, आणि थायलंडनंही १ मे २०२५ पासून तशीच पद्धत सुरू केली. भरलेल्या नोंदीचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा.

इमिग्रेशनचे प्रश्न ठरलेले असतात: का आलात, कुणाकडे, किती दिवस, परत कधी. उत्तरं छोटी आणि खरी द्या. ‘बहिणीकडे आले आहे, तीन आठवडे, हे परतीचं तिकीट.’ एवढं पुरतं. न विचारलेली माहिती देत बसू नका. भाषा कळली नाही तर दुभाषा मागा, अंदाजानं ‘हो’ म्हणू नका. ज्यांच्याकडे उतरणार त्यांचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर हवाच, कारण फोनची बॅटरी नेमकी याच रांगेत संपते.

बॅग आली नाही, तर त्या हॉलमधून बाहेर पडू नका. तिथंच बॅगेज सेवेच्या खिडकीवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. १९९९च्या माँट्रियल कराराप्रमाणं बॅग मोडली असेल तर ७ दिवसांत लेखी कळवावं लागतं, उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांतही आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते.

विमान उतरण्याची वेळ आणि तुम्ही दारातून बाहेर येण्याची वेळ यांत तास ते दोन तास सहज जातात. घ्यायला येणाऱ्याला हे आधीच सांगा, नाहीतर बाहेर उभ्या माणसाचा जीव टांगणीला लागतो. विमानतळाच्या मोफत वायफायला अनेकदा एसएमएसवर येणारा कोड लागतो आणि तुमच्या सिमवर तिथं एसएमएस येईलच असं नाही. म्हणून ई-सिम किंवा रोमिंग घरूनच चालू करून निघा, आणि तरीही फोनविना भेटायची एक जागा ठरवा: ‘बाहेरच्या दाराजवळचा माहिती कक्ष. मी दिसेपर्यंत तिथून हलायचं नाही.’ एकमेकांना शोधत दोघंही फिरत राहिले तर कुणीच कुणाला सापडत नाही.

पहिले दिवस आणि परतीचा प्रवास

शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. आठ तासांचा फरक असेल तर आठवडाभर थोडंफार बिघडलेलं वाटणारच. पूर्वेकडे गेल्यावर जास्त त्रास होतो, कारण लवकर झोपी जाणं शरीराला अवघड जातं. घड्याळ सरकवायचं खरं साधन उजेड आहे. पश्चिमेकडे गेला असाल तर संध्याकाळी उन्हात चाला. पूर्वेकडे गेला असाल तर सकाळचा उजेड घ्या, पण फरक आठ तासांच्या आसपास असेल तर पहिल्या दोन दिवसांत अगदी भल्या सकाळचा टाळून दुपारचा घ्या. दुपारची झोप अर्ध्या तासापलीकडे जाऊ देऊ नका.

पहिल्या दोन दिवसांत पाहुणे, सहली, मोठी जेवणं काही ठरवू नका, आणि हे त्या माणसालाही मोकळेपणानं सांगा. खूप दिवसांनी भेटलेली माणसं थकलेली असली की लहान गोष्टीवरून खटका उडतो. त्याचा अर्थ नातं बिघडलं असा काढू नका. झोप पूर्ण होऊ द्या.

किती दिवस राहायची परवानगी मिळाली ती तारीख पासपोर्टवरच्या शिक्क्यावर किंवा ऑनलाइन नोंदीत बघा. व्हिसाची मुदत आणि राहण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, हा हिशेब आधीच्या भेटी धरून करतात. एक दिवस जास्त राहिलात तरी पुढचा व्हिसा अडू शकतो, आणि मग पुढची भेटही.

परतीच्या आदल्या दिवशी बॅग वजन करून ठेवा, कारण जाताना नेलेल्यापेक्षा येताना मिळालेलं जास्त भरतं. निरोप घ्यायला वेळ हवा असेल तर विमानतळावर अर्धा तास आणखी लवकर जा आणि सुरक्षा तपासणीच्या अलीकडेच बसा; त्या रेषेपलीकडे प्रवाशाखेरीज सहसा कुणाला सोडत नाहीत. पुढच्या भेटीचा महिना तरी त्याआधी ठरवून घ्या. घरी पोहोचल्यावर कामावर रुजू व्हायच्या आधी एक पूर्ण दिवस मोकळा असू द्या.